मृगात रडणारा एसी

अकोल्याच्या जठारपेठेतली कुठलीही गल्ली घ्या, नाहीतर अमरावतीच्या साईनगरातली. मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रीसुद्धा नालीच्या कडेची सावली धरून पडलेली. अशा वेळी वर मान करून पाहिलं तर बाल्कन्यांखाली पांढरे, करडे पाइप लोंबताना दिसतात. अंगठ्याएवढ्या जाडीचे, खालचं टोक मोकळं. आत एसी चालू आहे हे बाहेरच्या युनिटच्या घरघरीवरून कळतं, पण पाइपाचं तोंड मात्र कोरडं ठाक. तासभर उभं राहिलं तरी थेंब पडला तर पडला.

तीच गल्ली जुलैत पाहावी. आभाळ भरलेलं, पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि प्रत्येक पाइपातून बारीक धार चाललेली. एखाद्याच घराचा पाइप मेप्रमाणेच जुलैतही कोरडा असतो. त्या घरात डोकावलं तर बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. पलंग भिंतीपासून हातभर सरकवलेला, एसीखाली परात किंवा बादली मांडलेली, रंगावर वरून खाली आलेला मातकट ओघळ. बाहेर जायचं पाणी घरात उतरलेलं असतं. ‘एसी रडून राह्यला,’ असं वऱ्हाडात म्हणतात ते याच दिवसांत.

घरातल्यांचा पहिला समज असा होतो की मशीन बिघडलं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ठीक चाललं होतं, मग आताच काय झालं? खरं म्हणजे बहुतेक घरांत आता काहीच झालेलं नसतं. जे व्हायचं ते एप्रिल-मेमध्येच होऊन गेलेलं असतं. एसी बसवताना ढाळ चुकला, पाइपात शेवाळ साचलं, जाळी धुळीनं बुजली, ते उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. गळतीचं बी उन्हाळ्यात पेरलं जातं आणि मृगाच्या पावसानंतर उगवतं. वऱ्हाडातल्या एसीचं दुखणं मुंबई-कोकणातल्या एसीपेक्षा वेगळं आहे ते इथंच. तिथल्या हवेत बाराही महिने पाणी असतं, त्यामुळे सदोष बसवलेला एसी पहिल्याच रात्री गळून दाखवतो. इथली मेची हवा मात्र इतकी कोरडी की ती चूक दोन महिने झाकून ठेवते.

हे घरातल्या घरात पाहता येतं. भर मेमध्ये फ्रिजमधली पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवावी. ती बाहेरून जेमतेम धुरकट होते, फार तर दोन-चार थेंब येतात. तीच बाटली जुलैच्या संध्याकाळी ठेवावी. पाच मिनिटांत तिच्या अंगावरून ओघळ वाहतात आणि बुडाशी पाण्याचं गोल वळं उमटतं. बाटली तीच, फ्रिज तोच, बदलली ती हवा. गार वस्तूला टेकल्यावर हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. दुपारी पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 12 टक्के असेल तर दवबिंदू निघतो 8 अंशांच्या आसपास. एसीच्या आतली थंड जाळी, जिला मेकॅनिक मंडळी कॉइल म्हणतात, ती चालू असताना साधारण 10 ते 12 अंशांवर असते. म्हणजे मेमध्ये कॉइल हवेतली वाफ ओढू शकेल इतकी गारच नसते. पावसाळ्यात पारा 30 आणि आर्द्रता 80 टक्के झाली की दवबिंदू चढतो 26 अंशांवर. मग त्याच कॉइलवरून पाणी अक्षरशः गळू लागतं.

किती पाणी? दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली धरली तर तिच्यातल्या हवेचं वजन भरतं चाळीस किलोच्या आसपास. मेच्या कोरड्या हवेत त्या खोलीत वाफेच्या रूपानं जेमतेम पाव लिटर पाणी असतं. जुलैत तेच पाऊण लिटरच्या पुढे जातं. शिवाय दार उघडलं की नवी दमट हवा आत येते, माणसांच्या श्वासातून आणि घामातून भर पडते, फटींतून पडत राहते. म्हणून दीड टनाचा एसी दमट दिवसांत तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो. रात्री दहाला लावलेला एसी सकाळी सहाला बंद केला तर एवढ्या वेळात एक बादली भरते. रोज बादलीभर पाणी छताजवळच्या एका अरुंद पेटीत तयार होतं, आणि ते बाहेर नेण्यासाठी पंप नसतो, काही नसतं. असतो तो फक्त उतार.

एसी पाणी काढतो यात बिघाड नाही, तो ज्या कामासाठी जन्माला आला तेच हे काम आहे. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याची अडचण होती. उन्हाळ्यातल्या दमट हवेनं कागद फुगायचा, रंगाचे छाप एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातलं पाणी काढण्याची योजना आखली. माणसांना गार वाटणं हा त्यातला मूळ हेतूच नव्हता, हवेतला ओलावा ताब्यात ठेवणं हा होता. चारच वर्षांनी, 1906 मध्ये, अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या स्टुअर्ट क्रेमर यांनी ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वापरात आणला, तो कापडगिरण्यांसाठी. गिरणीत उलट अडचण होती. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून हवेत पाणी सोडावं लागतं. वऱ्हाडच्या वाचकाला हा शब्द सुताच्या घरात जन्मला याचं अप्रूप वाटायला हरकत नाही. लिव्हरपूलच्या बाजारात या भागाचा कापूस ‘उमरा’ नावानं विकला जायचा, आणि ते नाव अमरावतीवरूनच पडलेलं होतं.

हवेत पाणी सोडून गारवा आणायची विद्या तर वऱ्हाडाच्या घरोघरी आहे. कूलर म्हणजे तीच. होळी झाली की माळ्यावरचा कूलर उतरतो, जुन्या ताट्यांतलं कुजलेलं लाकडी गवत काढून नवं भरलं जातं, हौशी घरात वाळ्याच्या ताट्या येतात, पंप टाकीत सोडून पाहतात, आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर तो चढतो. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. भर उन्हाळ्यात मोठा कूलर तासाला दहा लिटरच्या पुढे पाणी पितो. ते सगळं पाणी घरातल्या हवेत जातं.

हल्ली पुष्कळ घरांत हॉलमध्ये कूलर आणि बेडरूममध्ये एसी अशी जोडी असते. दुपारी सगळे हॉलमध्ये, रात्री आईवडील किंवा लहान मूल एसीच्या खोलीत. मधलं दार उघडं राहिलं की कूलरनं भरलेली दमट हवा एसीच्या खोलीत शिरते आणि पाइप भर मेमध्ये वाहू लागतो. पाइपाची वाट नीट असेल तर यात नुकसान एवढंच की एकानं हवेत घातलेलं पाणी दुसऱ्यानं वीज जाळून काढलं. वाट नीट नसेल तर गळती मृगापर्यंतही थांबत नाही. कूलर चालू असेल तेव्हा एसीच्या खोलीचं दार लावून घ्यावं, ही साधी गोष्ट बसवणारे सहसा सांगत नाहीत.

आता त्या पाण्याचा प्रवास जवळून पाहू. भिंतीवरच्या इनडोअर युनिटचं पुढचं झाकण वर उचललं की आधी फिल्टरच्या दोन जाळ्या दिसतात. त्यामागे ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांची दाट रांग, आणि त्या पत्र्यांतून आडव्या गेलेल्या तांब्याच्या नळ्या. हीच कॉइल. पाणी पत्र्यांवर जमतं, दोन पत्र्यांमधल्या फटीतून खाली घसरतं आणि कॉइलच्या पायथ्याशी असलेल्या एका लांबट पन्हाळीत पडतं. तिला ड्रेन ट्रे म्हणतात. छपराच्या कडेला लावलेल्या पन्हाळासारखीच ती असते, फक्त खूप उथळ. तिच्या एका टोकाला भोक, भोकाला पन्हळी नळी, आणि ती नळी तांब्याच्या पाइपांबरोबर फोममध्ये गुंडाळून भिंतीतल्या छिद्रातून बाहेर. बऱ्याच युनिटना दोन्ही टोकांना भोकं असतात, म्हणजे डावीकडून किंवा उजवीकडून सोयीप्रमाणे पाइप काढता यावा. न वापरलेल्या भोकाला रबरी बूच असतं. ते सैल बसलं, किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी काढून परत लावायचं राहिलं, तर पाणी तिथून टपकतं आणि बाकी सगळं तपासूनही कारण सापडत नाही.

ट्रे इतका उथळ की युनिट नळीच्या उलट्या बाजूला बोटभर जरी कललं तरी पाणी दूरच्या कोपऱ्यात साचतं आणि काठावरून भिंतीवर येतं. गवंडी ओटा बांधताना पाणसळ लावतो, फरशी बसवताना पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवतो. दोन-अडीच हजार रुपयांच्या फरशीसाठी जी काळजी घेतली जाते तीच तीस-चाळीस हजारांच्या यंत्रासाठी घेतली जावी असा आग्रह घरमालकानं धरायला हवा. नुसत्या डोळ्यावर जाऊ नये. छताची कडा, फॉल्स सीलिंगची पट्टी, पडद्याचा दांडा यांच्याकडे पाहून युनिट सरळ वाटतं, पण जुन्या घरात ती कडाच सरळ नसते. बाहेरच्या पाइपालाही उतार लागतो. दर मीटरला निदान एक सेंटिमीटर, जास्त असेल तर उत्तमच. मध्ये कुठंही पाइप झोळीसारखा लोंबला की त्या झोळीत पाणी थांबतं, पाण्यात धूळ थांबते, आणि पुढचा सगळा उतार वाया जातो. भिंतीतलं छिद्रही आतून बाहेर उतरतं पाडायचं असतं. घाईत बाहेरून आत उतरतं छिद्र पडलं तर पावसाचं पाणीसुद्धा त्याच वाटेनं घरात येतं, आणि दोष एसीवर जातो.

घाई का होते, हेही समजून घेतलं पाहिजे. मे 2020 मध्ये अकोल्यात पारा 47 अंशांच्या वर गेला होता. मे 2024 मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात 25 ते 31 तारखेदरम्यान कलम 144 लागू करावं लागलं. शिकवण्या सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरच घ्याव्यात, कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्यावेत, असं त्या आदेशात होतं. अशा आठवड्यात लोक एसी घ्यायला दुकानात जातात आणि तो आजच्या आज बसवून मागतात. घरात म्हातारं माणूस असेल, तान्हं मूल असेल तर ती मागणी चुकीची म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला बसवणारा मुलगा दिवसभरात चार-पाच घरं करतो, तापलेल्या गच्चीवर उभा राहून, हाताला चटके देणाऱ्या लोखंडी स्टँडवर आउटडोअर युनिट चढवतो. शिडी घ्यायला, काढायला दुसरा एक पोरगा, बस. गार हवा आली, रिमोट दाखवला, सही घेतली, पुढचं घर. पाइपातून पाणी येतं का हे त्या दिवशी पाहून उपयोगही नसतो, कारण हवा कोरडी.

म्हणून वऱ्हाडात उन्हाळ्यात एसी बसवून घेताना एक गोष्ट केलीच पाहिजे. हवा पाणी देत नसेल तर पाणी आपण द्यायचं. वीजपुरवठा बंद असताना, बसवणाऱ्याच्याच हातून, फिल्टर काढून कॉइलच्या खालच्या भागावर लिटर-दीड लिटर पाणी हळूहळू, बारीक धारेनं सोडायचं, आणि घरातल्या एकानं खाली जाऊन पाइपाचं तोंड पाहायचं. जेवढं आत गेलं जवळपास तेवढं बाहेर आलं पाहिजे, आणि युनिटखालची भिंत कोरडी राहिली पाहिजे. पाच मिनिटांचं काम. पुढं भिंत फोडणं, रंग देणं आणि मेकॅनिकला चार फेऱ्या मारायला लावणं यापुढे ती पाच मिनिटं काहीच नाहीत. ही चाचणी दरवर्षी मेअखेरीस, मृग लागायच्या आधी, सर्व्हिसिंगबरोबरच करून घेतली तर आणखी बरं.

बसवण्यातला दोष नसेल तर दुसरा संशय धुळीवर घ्यावा. वऱ्हाडाचा उन्हाळा नुसता तापत नाही, उडतोसुद्धा. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वावटळी उठतात, नांगरून पडलेल्या काळ्या वावरांतली माती शहरात येते. जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरातल्या घरांत हंगामभर कापसाचा बारीक तंतू हवेत असतो. हा तंतू फिल्टरला लागला की त्याचा नमदा होतो आणि त्याच्यावर धूळ बसून जाळी लिंपल्यासारखी बंद होते. हवा कमी खेचली गेली की कॉइलला ऊब मिळत नाही, तिचं तापमान शून्याखाली जातं आणि तिच्यावरचं पाणी गोठतं. आधी खालच्या नळीवर पांढरी कड दिसते, मग हळूहळू सगळ्या पत्र्यांवर बर्फ चढतो. हवा आणखी अडते, बर्फ आणखी वाढतो. खोली गार होत नाही म्हणून घरातले रिमोटवर 16 करतात, म्हणजे यंत्र थांबतच नाही. वीज गेली, किंवा पहाटे एसी बंद केला, की हा सगळा बर्फ एकदम वितळतो. ट्रेमध्ये एवढं पाणी एकाच वेळी सामावत नाही. ‘एसी बंद केल्यावर गळते,’ अशी तक्रार असेल तर बर्फाचाच संशय आधी घ्यावा.

असा बर्फ दिसला तर स्क्रूड्रायव्हरनं किंवा सुरीनं खरवडू नये. तांब्याची नळी पातळ असते, एका टोच्यात फुटते आणि सगळा गॅस निघून जातो. एसी फॅन मोडवर ठेवावा, बर्फ आपोआप उतरेपर्यंत खाली जाड टॉवेल आणि परात ठेवावी, मग फिल्टर धुवावा. फिल्टर धुवायला मेकॅनिक लागत नाही. नळाखाली उलट्या बाजूनं पाणी सोडायचं, साबण लागलाच तर साधा, आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवायचा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, आणि वावटळ होऊन गेली की दुसऱ्या दिवशी. घरातल्या कर्त्या बाईच्या रोजच्या कामांत आणखी एकाची भर घालण्यापेक्षा हे काम कॉलेजातल्या मुलाकडं किंवा मुलीकडं सोपवावं. स्टुलावर चढायचं आहे, तेवढं त्यांना जमतं.

फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल तर मात्र गॅसकडं पाहावं लागतं. इथं गिऱ्हाईक नाडलं जाण्याची भीती असते, म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आज भरलेला पंधरा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. तो कमी झाला याचा अर्थ कुठंतरी गळतोय. जोडावरचा नट सैल असेल, कॉइलला बारीक छिद्र पडलं असेल. ती जागा न शोधता दरवर्षी ‘काकू, गॅस कमी आहे, भरून देतो’ म्हणणारा माणूस दुखणं तसंच ठेवून फक्त औषध पाजतो. साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळती आधी शोधायला सांगावी. हल्लीच्या पुष्कळ एसींत आर-32 हा गॅस असतो. तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे, त्यामुळे स्वस्तात भरून देणाऱ्या अर्धशिक्षित हातांत तो देऊ नये. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. एवढा वेळ ज्यानं शिकण्यात घातला त्याच्या कामाचे चार पैसे जास्त द्यायला कुरकुर होऊ नये.

तिसरं कारण सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत जास्त भेटणारं. पाइप तुंबणं. ट्रे कायम ओला, अंधारा, त्यात धूळ पडत राहते. थोड्याच दिवसांत एक बुळबुळीत, मऊ गाळ तयार होतो. नळी काढून पिळली तर काळपट जेलीसारखा बाहेर येतो आणि वास मारतो. दिवाळीपासून होळीपर्यंत एसी बंद असतो, तेव्हा बाहेरचं मोकळं टोक ही किड्यांना आयती मिळालेली जागा. कुंभारीण माशी तिथं मातीचं घर बांधते, मुंग्या शिरतात, कधी पाल. हंगामाच्या सुरुवातीला पाइपाच्या तोंडात काडी घालून पाहिली तरी पुष्कळ काही कळतं. मेकॅनिक बाहेरच्या टोकाकडून व्हॅक्युम लावून हे ओढून काढतात. आतून फुंकर मारली तर गाळ पुढं सरकतो, बाहेरून मारली तर तो उलट ट्रेमध्ये येतो, म्हणून ओढून काढणंच चांगलं. मात्र संडास-बाथरूमचं ॲसिड यात कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे पत्रे खाल्ले जातात आणि मग खरीच कॉइल बदलायची वेळ येते.

पाण्याची चणचण असलेल्या या शहरांत आणखी एक कारण तयार झालं आहे, आणि ते चांगल्या हेतूतून. अकोल्याला काटेपूर्णा धरणातून पाणी येतं, अमरावतीला अप्पर वर्धातून, पण नळाला रोज पाणी येतंच असं नाही. उन्हाळ्यात बादलीभर पाण्याचीही किंमत असते. त्यामुळे एसीच्या पाइपाखाली बादली किंवा ड्रम ठेवतात आणि पाणी इकडंतिकडं सांडू नये म्हणून पाइपाचं टोक आत खोल सोडतात. बादली भरत आली की टोक पाण्यात बुडतं. पाइपातली हवा अडकते, वरून येणाऱ्या पाण्याला तिला ढकलण्याएवढा जोर नसतो, आणि पाणी उलटं ट्रेमध्ये चढतं. टोक बादलीच्या काठाच्या वर, मोकळ्या हवेत ठेवलं की प्रश्न मिटतो. बादली भरली तर अंगणात सांडेल, पलंगावर नाही.

ते पाणी साठवावं, हे मात्र शंभर टक्के खरं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्यांवर एका महिन्यात पांढरे क्षार चढतात, पंप जाम होतो. एसीचं पाणी हवेतून आलेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. कूलरच्या टाकीत टाकायला ते उत्तम, फरशी पुसायला, गाडी धुवायला, कुंड्यांना चालतं. प्यायला मात्र नाही, कारण ते धुळीच्या आणि बुरशीच्या ट्रेमधून आलेलं असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही टाकू नये, त्यात धातूचे अंश असू शकतात. आणि ती बादली आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उपडी करून घासावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार होते. कूलरच्या टाकीबद्दल आरोग्य विभाग दरवर्षी सांगतो तेच या बादलीलाही लागू आहे.

पाणी साठवायचं नसेल तर ते पडतं कुठं हे तरी पाहावं. वरच्या मजल्याचं पाणी खालच्याच्या खिडकीच्या पत्र्यावर टपटपतं आणि रात्रभर झोप लागू देत नाही, यावरून वर्षानुवर्षांचे शेजार तुटले आहेत. तळमजल्याच्या घरात पाइप सरळ भिंतीशी सोडलेला असतो, म्हणजे रोज बादलीभर पाणी पायाच्या एकाच जागी मुरतं. वऱ्हाडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घराच्या पायाखालीही तीच माती आहे. पाइपाला तीन-चार फुटांची जोड देऊन पाणी नालीपर्यंत किंवा झाडाच्या आळ्यापर्यंत न्यावं, पिंपळाच्या नव्हे, लिंबाच्या किंवा पेरूच्या. सांडपाण्याच्या बंद पाइपात ते थेट जोडू नये, नाहीतर गटाराचा वास एसीतून खोलीत येतो.

कधीकधी ट्रे स्वच्छ, ढाळ बरोबर, पाइप वाहता, आणि तरी भिंत ओली. तेव्हा तांब्याच्या पाइपांवरचा फोम पाहावा. बाहेरच्या बाजूला तो गच्चीवरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत भुगा होतो, वरची पांढरी टेप चिंध्या होऊन फडफडते. उघड्या पडलेल्या गार नळीवर फ्रिजच्या बाटलीसारखंच दव धरतं आणि नळीच्या अंगानं घरंगळत भिंतीतल्या छिद्रात येतं. फोम आणि टेप बदलणं हा किरकोळ खर्च आहे, फक्त फोम दरवर्षी कुणीतरी वर जाऊन पाहायला हवा. जुन्या खिडकीतल्या एसीचं गणित वेगळं. तो मागच्या बाजूला किंचित कललेला असावा लागतो. मागच्या पंख्याच्या पात्यांभोवती एक कडं असतं, ते खाली साचलेलं पाणी उडवून गरम जाळीवर मारतं, त्यामुळे थोडं पाणी तिथंच उडून जातं. हा एसी खोलीकडं कलला तर मग ते पाणी थेट सोफ्यावर.

एक धोका मात्र थांबून विचार करायला लावणारा. पुष्कळ घरांत एसीचा स्विचबोर्ड बरोबर युनिटच्या खाली असतो, वायर दिसू नये म्हणून. ओघळ त्या दिशेनं येताना दिसला तर ओल्या हातानं बोर्डाला हात न लावता आधी मुख्य एमसीबी पाडावा, मगच परात शोधावी. नवं घर बांधताना बोर्ड युनिटच्या बाजूला, हातभर अंतरावर घ्यावा. इलेक्ट्रिशियन भाऊ कुरकुरेल, तरी सांगावं.

शेवटची गोष्ट रिमोटची. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू होतात, असा नियम आहे. तो आकडा 16 वर आणायची सवय वऱ्हाडाच्या उन्हानं लावलेली असली तरी पावसाळ्यात ती सोडण्यासारखी आहे. जुलैत खोली मुळात तीस अंशांवर असते, त्रास होतो तो घामाचा आणि चिकटपणाचा. त्यासाठी रिमोटवर ड्राय मोड दिलेला असतो. तो हवेतलं पाणी काढतो, खोली फार गारठवत नाही, आणि कॉइल गोठण्याची पाळी सहसा येत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ यासाठी काढावी. ऊन उतरलेलं, कूलर तासाभरासाठी बंद, मुख्य वीज पाडलेली. मेकॅनिक दादा स्टुलावर, हातात पाण्याची बाटली, झाकण वर उचललेलं. घरातलं पोरगं खाली अंगणात पाइपाखाली उभं. वरून विचारणा होते, ‘आलं काय रे?’ आधी काहीच नाही. मग पाइपाच्या तोंडाशी काळपट पाण्याचा एक थेंब जमतो, त्यामागून गाळाचा तुकडा, मग गढूळ धार, आणि हळूहळू ती स्वच्छ होत जाते. खालून उत्तर येतं, ‘आलं, आलं! अजून टाका.’